बबिताचा मेल कोणी उडवला?

१

ढाणकीच्या शाळेतल्या कांता मॅडमचा फोन मधल्या सुट्टीत आला आणि ममता आडेंच्या हातातला घास हातातच राहिला.

“ममता, तुमची बबिता येऊन नाई राह्यली का अमरावतीले? यादीत तिचं नावच नाई. तिच्या जागी राखीव यादीतला दिग्रसचा पोट्टा घेतला म्हनतेत.”

“नाव नाई कसं? निवड झाली का नाई, तेच आमाले अजून कळलं नाई!”

“अवं, निवडीचा मेल येऊन पंधरवडा झाला. होकार कळवाचा होता. आमी कळवला. आता पोळ्यानंतरची तारीखबी पक्की झाली.”

ममताबाईंनी डबा झाकला. भूक मेलीच होती. हिवरदरीची ही शाळा फुलसावंगीच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी. बाई तिथे विज्ञान शिकवत. नववीतली बबिता राठोड त्यांची लाडकी, आणि ती का लाडकी हे कोणीही सांगितलं असतं. दोन वर्षांमागे तिचा बाप बादल कपाशीवर फवारणी करत असताना वारा फिरला आणि औषध त्याच्याच तोंडावर आलं. माणूस वाचला, पण उजव्या डोळ्याला आता धूसर दिसतं. तर या पोरीने वेळूची कामटी आणि जुन्या पंपाची नळी जोडून अशी दांडी केली की औषध माणसाच्या मागे पडावं आणि माणसाने कोरड्यातून पुढे चालावं. जिल्ह्याच्या प्रदर्शनात परीक्षक त्या दांडीपाशीच उभे राहिले होते. अमरावतीच्या विभागीय प्रदर्शनात तर शेती कॉलेजातली माणसं ती बघायला येणार होती. पसंत पडली असती तर बादलसारख्या कितीकांच्या पाठीवरच्या पंपाला ती लागली असती.

आणि आता म्हणे राखीवमधला पोट्टा!

बाई तशाच मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या. घनश्याम गावंडे सरांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला आणि लगेच निकाल देऊन टाकला.

“फिल्टरनं खाल्ला असंन.”

हा फिल्टर म्हणजे काय, ते सांगायला हवं. शाळेच्या मेलवर रोज कचऱ्याचा ढीग येऊन पडायचा. कर्ज घ्या, टक्कल घालवा, तुम्हाला मोटारगाडी लागली आहे. त्या ढिगातून कामाचा मेल शोधण्यात क्लार्क जीवन भोयर यांची सगळी सकाळ जायची. गेल्या वर्षी धम्मदीप खोब्रागडे हे तरुण संगणक शिक्षक कंत्राटावर आले आणि त्यांनी फिल्टर बसवला. कचरा आपोआप बाजूला, कामाचं तेवढं समोर. तेव्हापासून गावंडे सर प्रत्येक सभेत सांगत, “आपल्या हापिसचा रोजचा एक तास वाचला!” पाहुणे आले की चहाच्या आधी हेच.

आज मात्र तोच फिल्टर त्यांना परका झाला होता. “खोब्रागडेंचं कंत्राट या महिन्यात संपते. पुढं नाई वाढवत. झालं गेलं, मॅडम, इसरा आता.”

“इसरा?” बाईंचा आवाज चढला. “पोरीनं दोन वर्षं घासली हाये त्याच्यासाठी!”

बाईंनी तिथल्या तिथे अमरावतीला फोन लावला. तिथल्या संयोजक बाई बोलायला बऱ्या होत्या, पण नियमाला पक्क्या. शाळेने हलगर्जी केली असेल तर जागा गेली ती गेली. मात्र शाळेतल्याच कोणी मेल मुद्दाम दडवला असेल आणि मुख्याध्यापक तसं सहीनिशी कळवत असतील, तर समिती बबिताला परत घेईल. उद्या दुपारपर्यंत. त्यानंतर यादी छापायला जाणार होती.

“मुद्दाम कोन करन, मॅडम?” गावंडे सर हसले.

ममताबाई हसल्या नाहीत. दारात थांबून त्या म्हणाल्या, “सर, ज्यानं केलं असंन त्याले मी सोडत नसते. फिल्टर असो का मानूस.”

२

धम्मदीप सर संगणकाच्या खोलीत एकटेच बसले होते. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. त्यांचे कान लाल झाले होते.

“मॅडम, माह्या फिल्टरनं मेल खाल्लाच नाई. इकडं या, दाखवतो.”

त्यांनी शाळेचा मेल उघडला. एका बाजूला एक खण होता आणि त्यात लॉटऱ्या, कर्ज, टकलावरची तेलं सगळी सुखाने नांदत होती.

“फिल्टर काही उडवत नाई. बाजूले ठेवते फक्त. महिनाभर इथंच पडून राह्यते. चुकून चांगला मेल गेलाच तर काढून घेता यावं म्हनून. आता बघा, या पंधरवड्यातला सगळा कचरा इथं हाये. अमरावतीचा मेल हाये का?”

बाईंनी बोट ठेवून ठेवून पाहिलं. नव्हता.

“आनि हे बघा. अमरावतीचे आधीचे मेल. सगळे समोरच्या खणात आलेत. म्हंजे फिल्टरची अन् अमरावतीची काही दुश्मनी नाई.”

“मंग गेला कुठं?”

“हातानं उडवला. बरं, उडवलेला मेल केराच्या डब्यात जाते. डबाबी साफ केला हाये. एकदम लख्ख.” धम्मदीप सरांनी खुर्ची मागे ढकलली. “मॅडम, मले लय राग येऊन राह्यला. यानं नुसतं पोरीचं नाई खाल्लं. माह्या नावावर खाल्लं.”

“पासवर्ड कोनाकोनाले माहीत हाये?”

“टेबलाच्या काचेखाली चिठ्ठी हाये. पन हापिसात त्या टेबलाशी बसनारे चौघंच. गावंडे सर, खेमसिंग सर, भोयर बाबू.” ते थांबले. “अन् चौथा मी. मलेबी धरा मॅडम, सोडू नका.”

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. धम्मदीप सरांनी नजर खाली घातली नाही. बाई उठल्या, कारण खेमसिंग चव्हाणांचं नाव ऐकल्यापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. शाळेच्या निवडीत बबिताने ज्याला हरवलं तो खेमसिंग सरांचा सख्खा भाचा होता.

३

खेमसिंग सर पर्यवेक्षक. अंगाने धिप्पाड, मिशीवर प्रेम, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. बाईंनी आडवळण घेतलं नाही.

“सर, बबिताचा मेल तुमी उडवला का?”

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर वर्गाची काच फुटली असती. पण बाई आणि सर दोघेही तांड्यातले, गोर बंजारा. आपल्या माणसाचं बोलणं त्यांनी गिळलं.

“राग आल्ता. खोटं कायले बोलू? भाच्यानं पवनचक्की केल्ती, घरी जेवला नाई चार दिवस. मी तुमाले दोन महिने नमस्कार नाई घातला, ध्यानात आलं असंन.”

“आलं.”

“पन तो मेल उडवून माह्या भाच्याले काय भेटलं असतं, सांगा! जागा गेली दिग्रसच्या पोट्ट्याले. मी येवढा खुळा हावो का, आपल्या गोर पोरीले पाडून दिग्रसले देईन?” त्यांनी टेबलावर हात आपटला. “अन् पोळ्यानंतर प्रदर्शन हाये म्हनता. अजून टाइम हाये. सापडला तर मले सांगा. मी पाह्यतो त्याले.”

“फिल्टर कसा चालते, माहीत हाये तुमाले?”

“हो तं. खोब्रागडेनं शिकवलं न सगळ्याईले. सरबी होते, मीबी होतो. कचरा बाजूच्या खनात जाते, महिनाभर राह्यते. भोयर बाबू तेवढे उठून गेल्ते. रुसून.”

“रुसून? काहून?”

“ते तुमी त्याईलेच इचारा,” सर म्हणाले आणि पहिल्यांदाच मिशीत हसले.

४

भोयर बाबू खिचडीच्या शेडमध्ये सापडले. डोळ्यांना रुमाल, हातात डाव, आणि चुलीचा धूर त्यांच्या इस्त्रीच्या शर्टात शिरत होता. समोर पोरांची रांग ताटल्या वाजवत होती. नियम असा की वाढायच्या आधी कोणीतरी मोठ्या माणसाने चव घ्यायची. तो कोणीतरी सध्या भोयर बाबू.

“या मॅडम, बसा. बसाले जागा नाई म्हना.” त्यांनी खिचडी चाखली आणि तोंड वाकडं केलं. “रोजची खिचडी. रोजचा धूर. काय पाप केलं होतं कोन जाने.”

“हे काम तुमच्याकडं कधीपासून?”

“फिल्टर आल्यापासून न! आधी सकाळचा टाइम माहा होता. पंख्याखाली बसा, चहा घ्या, एकएक मेल पाहा, उडवा, डबा रिकामा करा. कोनी आवाज देत नव्हतं. भोयर बाबू मेल पाहून राह्यले, म्हनत, त्याईले बोलू नका. मंग हा खोब्रागडे आला. सभेत उठून काय म्हनते, भोयर बाबूचा एक तास मी वाचवला! सगळे हासले. सरांनी दुसऱ्याच दिवशी इथं पाठवलं. टाइम वाचला म्हनतेत. कोनाचा वाचला?”

बोलणाऱ्याला बोलू द्यावं, हे बाई वर्गात शिकल्या होत्या.

“अन् आता भोगा म्हनाव! पोरीचा मेल गेला न? जानारच. ते फिल्टर मेल गिळते अन् पचवून टाकते. एकदा गेला का परत दिसत नाई. मी पहिल्या दिवशीच म्हनलं होतं, बंद करा हे.”

“तुमी पाह्यला नाई का तो मेल?”

“मी? मी कुठून पाहू? माह्या नशिबात हे हाये.” त्यांनी डाव दाखवला. मग जरा जवळ येऊन समजूत घालायच्या सुरात म्हणाले, “येवढं मनाले नका लावू, मॅडम. पोरगी तशीबी गेली नसती. त्या दिवशी तांड्यात तीज बोळवतेत. हजेरी मीच भरतो, वर्षावर्षाले पाह्यतो, तांड्यातली एकबी पोरगी त्या दिवशी शाळेत नसते. कोनती माय अमरावतीले पाठवन?”

बाईंना काहीतरी खटकलं, पण तेवढ्यात रांगेत दोन पोरं भांडली आणि भोयर बाबू डाव उगारून धावले. परत येताना बाई मनाशी म्हणाल्या, बाबूंना तीज आणि पोळा यातला फरक कळत नसेल. तांड्यातल्या कुवार पोरी टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात आणि गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी तीज बोळवतात. पोळा त्याच्या पुढच्या आठवड्यात. प्रदर्शन त्याच्याही नंतर. बाहेरच्या माणसाची गफलत व्हायचीच.

मग त्या पायरीवरच थांबल्या. बाहेरचा माणूस? तांड्यातली पोरगी कोणत्या दिवशी शाळेत नसते, हे ज्याला पाठ आहे तो?

त्यांनी तिथूनच अमरावतीला फोन लावला.

५

“बाई, तो पहिला मेल जसाच्या तसा माझ्या फोनवर पाठवता का?”

“पाठवते,” संयोजक बाई म्हणाल्या. “पण त्यातली तारीख बघू नका हं. ती आम्ही दुसऱ्याच दिवशी बदलली. हॉल मिळाला नाही. ज्यांचे होकार आले होते त्यांना फोनवरच सांगितलं. तुमचा होकारच नव्हता, तुम्हाला कोण सांगणार?”

“पहिली तारीख आणखी कुठं छापली होती का? पेपरात, कुठं?”

“छे! त्या एका मेलमध्येच होती, आणि मेल शाळेच्या पत्त्यावर.”

मेल आला. बाईंनी वाचला. वरती ठळक अक्षरात बबिता बादल राठोड, इयत्ता नववी, आणि खाली प्रदर्शनाची तारीख. बाईंनी स्टाफरूममधलं कॅलेंडर उलटवून त्या तारखेवर बोट ठेवलं.

गोकुळाष्टमीचा दुसरा दिवस.

बोलावून आणून त्याच्या थोबाडीत मारावी, असं बाईंना सरळ सरळ वाटलं. पण एका कोपऱ्यात धरलं तर माणूस कानावर हात ठेवतो. याला चार लोकांत, त्याच्याच तोंडाने बोलतं करायचं होतं. त्यांनी पदर खोचला आणि शिपायाला सांगितलं, “शाळा सुटली का सगळ्याईले सरांच्या खोलीत बसव. भोयर बाबूले पंख्याखालची खुर्ची दे.”

६

सगळे बसले. गावंडे सर घड्याळ बघत होते. धम्मदीप सर भिंतीला टेकून उभे, खेमसिंग सर मिशीला पीळ देत. भोयर बाबू पंख्याखाली डोळे मिटून खुशीत हवा खात होते, बोलण्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

“सर,” बाईंनी सुरुवात केली, “अमरावतीचं प्रदर्शन कधी हाये?”

“पोळ्यानंतर. तुमीच तं सांगतलं.”

“खेमसिंग सर?”

“पोळ्यानंतर.”

“धम्मदीप सर?”

“पोळ्यानंतर, मॅडम.”

“बरं.” बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. “भोयर बाबू, दुपारी तुमी मले लय समजावलं. मनाले बरं वाटलं. पोरगी तशीबी गेली नसती म्हनत होते. काहून ते याईलेबी सांगा न.”

भोयर बाबूंना आपलं शहाणपण चारचौघांत सांगायला मिळालं, आणखी काय हवं? ते सरसावून बसले. “साधी गोष्ट हाये, सर. त्या दिवशी तांड्यात तीज बोळवतेत. पोरगी टोपली सोडून अमरावतीले जाईन का?”

खेमसिंग सरांचा हात मिशीवरच थांबला. “बाबू, तीज तं पोळ्याच्या आधी असते.”

“हो न,” भोयर बाबू म्हणाले. “अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी. मले काय माहीत नाई?”

“मंग पोळ्यानंतरच्या प्रदर्शनाले तीज कशी आडवी येते?”

ममताबाईंनी फोन टेबलावर ठेवला आणि गावंडे सरांकडे सरकवला.

“वाचा सर. हा तो पहिला मेल. याच्यातली तारीख बघा. अष्टमीचा दुसरा दिवस. ही तारीख दुसऱ्या दिवशीच बदलली. पेपरात नाई, कोनाच्या तोंडी नाई. आपल्या शाळेत आज आपन सगळ्याईनं एकच तारीख ऐकली, पोळ्यानंतरची. पहिली तारीख फक्त त्यालेच माहीत, ज्यानं हा मेल उघडून वाचला.”

“मी… कुठंतरी ऐकलं असंन,” भोयर बाबू म्हणाले.

“कोनाकडून? नाव सांगा, आत्ता फोन लावते.”

भोयर बाबू रुमालाने मान पुसायला लागले.

“अजून एक,” बाई थांबायला तयार नव्हत्या. “फिल्टर मेल गिळून पचवून टाकते, असं या खोलीत एकच मानूस समजते. सर, तुमी शिकायले बसले होते, खेमसिंग सर बसले होते. तुमच्यापैकी कोनाले फिल्टरवर आळ घ्याचा असता तं मेल नुसता बाजूच्या खनात टाकला असता. बिनबोभाट काम. धम्मदीप सरानं तं तो खन स्वतःच बनवला. पन ज्याले तो खनच माहीत नाई, जो शिकवायच्या दिवशी रुसून उठून गेला, त्यानं काय केलं? वर्षानुवर्षं सकाळी करत आला तेच. उडवा, अन् डबा रिकामा करा. हाताले सवय लागली होती, बाबू.”

भोयर बाबूंचा चेहरा उतरला. मग एकाएकी ते उसळले.

“हो, उडवला! काय करू मंग? याच्या फिल्टरनं माही सकाळ खाल्ली! पंख्याखालून उचलून धुरात नेऊन बसवलं मले, अन् वरून सभेत टाळ्या! मले वाटलं एक मोठा मेल हुकला, अमरावतीहून दोन शिव्या आल्या, तं हे फिल्टर बंद होईन. मले याचं नाक कापाचं होतं. पोरीचं काही नव्हतं माह्या मनात. तिकडून पुन्हा फोन करतीन, असं वाटलं होतं.”

धम्मदीप सर भिंतीपासून सुटून पुढे आले. खेमसिंग सरांनी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं, नाहीतर त्या दिवशी काय झालं असतं सांगता येत नाही.

गावंडे सरांनी घसा साफ केला. “मॅडम, हे घरातलं घरात मिटवू. शाळेचं नाव जाईन. भोयर बाबूले मी समज देतो. अमरावतीले आपन फिल्टरचंच…”

“सर!” बाई इतक्या जोराने ओरडल्या की शिपाई दारात आला. “फिल्टरचं लिहिलं तं पोरीची जागा गेली. खरं लिहिलं तं वाचते. तुमी सही करता का मी हे सगळं तांड्यात जाऊन सांगू? उद्या शाळेच्या फाटकात कोन उभं राह्यते ते मंग तुमीच बघा.”

खेमसिंग सर शांतपणे म्हणाले, “मी मॅडमच्या सोबत जाईन.”

मेल भोयर बाबूंनीच लिहिला. बाई त्यांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. ‘मेल चुकून’ असं त्यांनी लिहिलं तेव्हा बाईंनी तो शब्द खोडायला लावला आणि ‘मी मुद्दाम’ असं घातलं. गावंडे सरांनी सही केली.

७

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी अमरावतीहून उत्तर आलं. बबिताला परत घेतलं होतं. धम्मदीप सरांनी मेल मोठ्याने वाचला. खिचडीच्या शेडमधून भोयर बाबू धावत आले.

“सुटलो बाप्पा! मॅडम, झालं न आता? पोरगी जाते. मिटलं.”

“मिटलं कसं?” ममताबाई म्हणाल्या. “शाळा सुटली का माह्यासोबत तांड्यात याचं. काय केलं ते तिच्या मायबापाले तुमी सांगाचं. मी नाई सांगत.”

“मॅडम, हात जोडतो. वाटलं तं नोकरीवरून काढा. तांड्यात नका नेऊ.”

“नोकरीचं सर पाह्यतीन. तांड्याचं मी पाह्यते.”

ऊन कलायच्या आधी ते पोचले. बादलने अंगणात बाज टाकली. तांड्याचा प्रमुख, नायक, आला, शेजारचे आले. भोयर बाबू बाजेवर बसले नाहीत. उभ्या उभ्या, खाली बघत, अडखळत त्यांनी सगळं सांगितलं. तीजेवरून कसे पकडले गेले तेवढं सोडून बाकी सगळं, मेल, डबा, फिल्टर, खिचडी. बबिताची आई लालीबाई, हिला मराठी कमी कळत असे, तिला नायकाने गोर बोलीत समजावून दिलं. ऐकता ऐकता तिने डोक्यावरची ओढणी पुढे ओढून घेतली. बादलने आपला चांगला डोळा बाबूंवर लावून ठेवला होता.

भोयर बाबू शिव्यांची वाट बघत उभे होते. कोणी त्यांच्या अंगावर धावून जाईल, निदान चपला तरी दाखवील, म्हणजे सुटका होईल. कोणी काहीच केलं नाही.

बबिता दारातून पुढे आली.

“सर, त्या मेलमधी माह्यं नाव होतं?”

“होतं, बेटा.”

“पूर्ण? बाबाच्या नावासंग?”

“हो.”

“तुमी वाचलं होतं?”

भोयर बाबूंनी इकडे तिकडे पाहिलं. ममताबाईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

“वाचलं होतं,” ते म्हणाले.

“वाचून मंग उडवलं?”

भोयर बाबूंनी पायातली चप्पल मातीत घासली.

“हो.”

बबिताने मान हलवली, जसं गणित सुटल्यावर हलवत असे. “चाल याडी,” ती आईला म्हणाली, आणि दोघी आत गेल्या. नायक उठला, शेजारी उठले, बादलने बाज उचलून भिंतीला लावली. अंगणात भोयर बाबू एकटे उभे राहिले. त्यांनी रुमाल काढला. या वेळी तिथे धूर नव्हता.

“मॅडम, एक शब्द तरी बोला,” ते म्हणाले. “माफ केलं म्हना.”

“नाई केलं,” ममताबाई म्हणाल्या आणि गावाच्या रस्त्याला लागल्या. मागे बाबूंच्या चपलांचा आवाज येत होता, पण त्यांनी वळून पाहिलं नाही. त्यांना बरं वाटत होतं. अगदी मनापासून बरं वाटत होतं, आणि त्याची त्यांना जराही लाज वाटली नाही.